आठवणीतला चढाईपटू आणि आजचा गुणफलक

कोकणात कबड्डीच्या मैदानाशेजारी उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते : "आताच्या पोरांत पूर्वीचा दम नाही." रत्नागिरी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या जुन्या खेळाडूंशी, प्रेक्षकांशी मी गेली काही वर्षे बोलतो आहे. तक्रार सर्वांची एकच. पण प्रत्येकाचा 'पूर्वीचा' काळ निराळा. पंचाहत्तरीतले गृहस्थ साठच्या दशकातल्या हुतूतूविषयी बोलतात, तर पन्नाशीतले १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेच्या सुमाराविषयी. सुवर्णकाळ असा माणसागणिक सरकत असेल, तर तो खेळात किती आणि सांगणाऱ्याच्या वयात किती, हे तपासायला हवे.

यान्सेन, रुबिन आणि कॉनवे या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न फुटबॉलबाबत तपासला. सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू कोण, असे विचारल्यावर लोकांनी बहुधा ज्यांची नावे घेतली, ते खेळाडू ऐन भरात होते तेव्हा उत्तर देणारे स्वतः सतरा वर्षांच्या आसपास होते. आपल्याकडचे 'पूर्वी'ही साधारण तिथेच येऊन थांबते.

त्यातून तुलनाही सरळ होत नाही, कारण खेळच बदलला. पूर्वी मैदान मातीचे आणि पाय अनवाणी. आज मॅट आणि बूट. पूर्वी आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढू शकत असे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा. अशा खेळात दम दिसण्याआधी वेग दिसतो. जुन्या डोळ्यांना तो उतावळेपणा वाटतो.

माझ्या मते खरा फरक नोंदीचा आहे. प्रदीप नरवालने २०१७ च्या प्रो कबड्डी हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले, हे कोणालाही पाहता येते. त्याच्या फसलेल्या चढायाही तितक्याच ठळक दिसतात. १९७२ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे सदानंद शेटे हे कबड्डीतले पहिले अर्जुनवीर. त्यांची एक एक चढाई अशी मोजलेली आपल्या हाती नाही. उरली ती आठवण, आणि आठवण पकडी विसरते, पाच गडी बाद केलेली चढाई तेवढी जपते. म्हणजे एकाचा पूर्ण हिशेब आणि दुसऱ्याची फक्त जमेची बाजू आपण शेजारी ठेवतो.

तक्रारीत तथ्य अजिबात नाही, असे मात्र नाही. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या पुरुषांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, ते अकरा वर्षांनी. मधल्या काळात सेनादल, रेल्वे, हरियाणा यांनी आपल्याला मागे टाकले होते. पण ही घसरण निकालांवरून सिद्ध होते. त्यासाठी "आताच्या पोरांना" नावे ठेवण्याची गरज नाही. उलट, त्या पोरांना नोकरी, मॅट आणि प्रशिक्षक कुठे मिळतात, हा प्रश्न विचारता येतो. नुसत्या हळहळीत तोच राहून जातो.

हळहळीची आणखी एक खोड आहे. जुन्या दिग्गजांची नावे विचारली की बायकांची येत नाहीत. शकुंतला खटावकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो सत्तरच्या दशकातच, आणि २०१५ मध्ये तो अभिलाषा म्हात्रेला मिळाला. तरीही मैदानाकडेच्या गप्पांत या दोघी क्वचित भेटतात. आठवणीत कोण शिरले, हे त्या काळी मैदानाकडेला कोणाला उभे राहता आले यावरही ठरते.

म्हणून आठवणी टाकून द्याव्यात, असे मी म्हणत नाही. गावोगावच्या स्पर्धांचा तोच एक दस्तऐवज आहे, आणि सांगणारी माणसे थकत चालली आहेत. मात्र साक्षीला कागदाची जोड हवी. घरातल्या ट्रंकेत मंडळाची जुनी वही, स्पर्धेचे पत्रक, वर्तमानपत्राचे कात्रण किंवा संघाचा फोटो असेल, तर त्यामागे वर्ष आणि नावे लिहून ठेवावीत. पंधरा जुलैला बुवा साळवींच्या जन्मदिनी आपण कबड्डी दिन साजरा करतो. त्या दिवशी प्रत्येक मंडळाने आपली अशी एक यादी केली, तर जुन्यांना न्याय मिळेल आणि नव्यांना त्यांच्या सावलीतून थोडे बाहेर येता येईल.