जुन्या मोटारींचे मूळ रूप आणि फेरबदल

जुनी मोटार कारखान्यातून बाहेर पडली त्याच स्वरूपात जपावी, की आजच्या रस्त्यांना व गरजांना साजेसे बदल तिच्यात करावेत, हा जुन्या वाहनांच्या जतनातील मूलभूत प्रश्न आहे. पहिल्या मार्गास जतन किंवा मूळबरहुकूम पुनर्स्थापना म्हणतात, दुसऱ्यास फेरबदल. बाह्यरूप जुने ठेवून आत नवे इंजिन, ब्रेक व विद्युत यंत्रणा बसवलेल्या मोटारीसाठी ‘रेस्टोमॉड’ ही संज्ञा रूढ झाली आहे. भारतात हा निर्णय केवळ मालकाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नसतो. मोटार वाहन कायदा, इंधनातील बदल आणि सुट्या भागांची उपलब्धता यांचाही त्यात मोठा वाटा असतो. मुंबईत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू दाखवते.

‘मूळ’ या शब्दाची व्याप्ती

मूळ रूप ठरवणे वाटते तितके सोपे नाही. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होऊ लागलेल्या मोटारीला १९७० च्या दशकाच्या मध्यास पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरील गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक ही तिची ओळख. मात्र पुढील वर्षांत कारखान्यानेच तिच्यात अनेक बदल केले. डिझेलवर चालणारी आवृत्तीही काढली. हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसेडरला तर १९९० च्या दशकात इसुझू बनावटीचे १.८ लिटरचे इंजिन कारखान्यातच बसू लागले. त्यामुळे मूळ रूप म्हणजे त्या मॉडेलचे सर्वांत जुने रूप नव्हे, तर ती विशिष्ट मोटार ज्या वर्षी तयार झाली त्या वर्षीचे रूप होय. पुष्कळदा १९८० च्या दशकातील पद्मिनीवर १९६० च्या दशकातील चकाकी चढवली जाते. ते दिसते देखणे. पण त्याला पुनर्स्थापना म्हणता येत नाही.

कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचे असल्यास नोंदणी प्राधिकरणाची मान्यता लागते. नैसर्गिक वायू किंवा बॅटरीवर वाहन चालवण्यासाठी लागणारे रूपांतर संच विहित अटींनुसार बसवता येतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.

जुलै २०२१ मधील केंद्रीय नियमांनी याला आणखी एक बाजू जोडली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध असते. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. १९७० च्या दशकातील पद्मिनी आता या वयोमर्यादेत येत असल्याने, आज तिचे इंजिन बदलणाऱ्या मालकाला उद्याच्या या नोंदणीवर पाणी सोडावे लागू शकते. उलट, ज्याला मोटार दररोज वापरायची आहे त्याला या नोंदणीचा काहीच उपयोग नाही.

परतवता येणारे आणि न येणारे बदल

ऐतिहासिक वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली तुरीन सनद वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर आधारलेली आहे. सुरक्षिततेसाठी बदल अटळ असतील तर ते परतवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग मोटारीसोबत सांभाळावेत, असे ती सुचवते. व्यवहारात निर्णय घेण्यासाठी हीच कसोटी सर्वांत उपयोगी ठरते.

डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, हेडलाइटसाठी रिले, रेडियल टायर ही कामे काही तासांत उलटवता येतात. दारे कापणे, मोठ्या इंजिनासाठी पुढचा पत्रा काढणे किंवा गिअर जमिनीवर आणण्यासाठी तळाला भोक पाडणे यांचे तसे नाही. पद्मिनीला स्वतंत्र चेसिस नाही. तळ, कडेच्या पट्ट्या, खांब व छप्पर मिळूनच तिचा सांगाडा बनतो. म्हणून तिचा पत्रा कापणे म्हणजे सांगाडाच कापणे होय. गंजाविषयीही हेच लागू पडते. किनारपट्टीच्या दमट हवेत तळाचा पत्रा सडतो, आणि त्यावर लांबी भरून रंग दिला तर मोटार नवी दिसते, बळकट मात्र होत नाही. सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा जोडणे हे खर्चिक असले तरी मूळ रूपाशी प्रामाणिक काम आहे. जुनी मोटार घेताना रंगाआधी तळ पाहण्याची जाणकारांची रीत यातूनच आली आहे.

इंधनामुळे काही बदल करावेच लागतात. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. पुढे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढून २०२५ मध्ये सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे व कार्ब्युरेटरमधील वॉशर त्याने खराब होतात. ते इथेनॉल सोसणाऱ्या पदार्थाचे बसवले तर रूपाला बाधा येत नाही, आणि आगीचा धोका टळतो.

टॅक्सीचे उदाहरण

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी मूळ रूपाची व्याख्याच गुंतागुंतीची केली. नैसर्गिक वायूची टाकी, छपरावरचे सामानाचे कॅरिअर, भाड्याचा मीटर आणि आतील रंगीबेरंगी अस्तर यांतले काहीही टॅक्सी म्हणून रस्त्यावर येण्यापूर्वी कारखान्यात बसवलेले नव्हते. तारदेव येथील परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. अशी टॅक्सी जपताना तिचे हे सगळे काढून खाजगी मोटारीचे रूप दिले, तर कारखान्यातली मोटार हाती येते. पण शहराने ओळखलेली मोटार नाहीशी होते. वापराच्या काळात झालेले बदल हेही वाहनाच्या इतिहासाचे पुरावे मानणारा पक्ष जतनकर्त्यांमध्ये आहे, आणि टॅक्सीच्या बाबतीत त्याचीच बाजू अधिक भक्कम दिसते. अर्थात वायूच्या टाकीला ठराविक मुदतीने दाबचाचणी करून घेणे बंधनकारक असल्याने, प्रदर्शनासाठी ठेवलेल्या टॅक्सीत ती रिकामी करून ठेवणे श्रेयस्कर.