तहान, डोकेदुखी आणि गोड बाटली



औशाचा किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या खंदकाची, बुरुजांची आणि त्यावर हक्क सांगून गेलेल्या राजवटींची हकीकत इथले शाळकरी पोरही सांगेल. परंतु तो खंदक खणणाऱ्या गड्याने भर दुपारी कोणत्या मडक्यातले पाणी प्याले आणि त्याचे डोके ठणकू लागले तेव्हा त्याने काय केले, हे कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही. आज मी त्या न लिहिलेल्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे. विषय साधाच आहे. तहान आणि डोकेदुखी.

ज्या हमालांत, डाळमिलीतल्या कामगारांत आणि ऊसतोड मजुरांत माझे आयुष्य गेले, त्यांच्याकडे चैत्र-वैशाखात ही दोन दुखणी जोडीनेच येतात. दोहोंवर आज तोडगाही जोडीनेच मिळतो. स्टँडसमोरच्या टपरीवर गार बाटली फोडायची, शेजारच्या दुकानातली गोळी त्या गोड पाण्याबरोबर गिळायची आणि पुन्हा पोत्याखाली खांदा द्यायचा. हा तोडगा आला कोठून, एवढे जरी आपण पाहिले, तरी त्याचा गुणदोष आपोआप कळेल.

त्या गोड पाण्याचा जन्मच मुळी डोकेदुखीचे औषध म्हणून झाला. १८८६ साली अमेरिकेतील अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन नावाच्या औषधविक्याने कोकाची पाने आणि कोलाच्या बिया यांच्या अर्काचा एक पाक तयार केला. हा गृहस्थ तिथल्या यादवी युद्धात जखमी झाला होता आणि वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन घेता घेता त्याच मॉर्फिनच्या व्यसनात सापडला होता. सोड्याचे पाणी घातलेला त्याचा पाक औषधाच्या दुकानात पाच सेंटला पेलाभर मिळे. मेंदूला तरतरी आणणारे आणि डोकेदुखी घालवणारे पेय अशी त्याची जाहिरात असे. हेच ते कोका-कोला. त्यातले कोकेन पुढे काढून टाकण्यात आले. साखर आणि कॅफीन मात्र राहिले.

ह्या कॅफीनचा स्वभाव सावकारासारखा आहे. त्याने डोक्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि थोडा वेळ उतार पडल्यासारखे वाटते. पण रोजची सवय झाली, की ज्या दिवशी ते मिळत नाही त्या दिवशी डोके दुखते. मग पुन्हा तेच घेतले की बरे वाटते आणि माणूस म्हणतो, 'काय गुणकारी आहे!' आपल्या चहाबाजांना वेगळा दाखला नको.

आपल्या मुलखात बाटलीतला सोडा साहेबाबरोबर आला. गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड ह्या इंग्रजाने १८७२ साली घेतले. पुण्यात अर्देशीरांचा सोड्याचा कारखाना १८८४ साली निघाला, मुंबईत ड्यूकचा १८८९ साली. आता १८८४ हे साल लक्षात ठेवा. त्याच साली मुंबईत परळला जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी दिला. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम घ्या, पगार वेळेवर द्या आणि काम करताना जखमी झालेल्याला वाऱ्यावर सोडू नका, अशा त्या मागण्या होत्या.

इतिहासाची पुस्तके ह्याला कामगार चळवळीचा आरंभ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र त्या अर्जाला आरोग्याचा ग्रंथही म्हणतो. कापसाच्या धुळीत आणि यंत्राच्या गोंगाटात सूर्यास्तापर्यंत उभे राहणाऱ्याचे डोके दुखेल नाही तर काय होईल? त्यावरचे खरे औषध लोखंड्यांनी नेमके ओळखले होते. ते म्हणजे अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्याची एक सुट्टी. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली आणि १८९१ च्या कायद्याने दुपारची विश्रांती आली.

पण बाजारही स्वस्थ बसला नव्हता. १८९३ साली मुंबईतच काशीनाधुनी नागेश्वरराव पंतुलु यांनी अमृतांजन तयार केले. ते मोठे देशभक्त होते. त्यांनी पुढे 'आंध्र पत्रिका' काढली आणि मिठाच्या सत्याग्रहातही भाग घेतला, म्हणून त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. कपाळावरच्या त्या बामाने गार वाटते, घटकाभर चैन पडते, ह्यात खोटे काही नाही. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात चहावाल्यांच्या संघाने गिरण्यांत आणि कारखान्यांत चहाची दुकाने मांडायला सुरुवात केली. विश्रांती मागावी लागली, चहा मात्र न मागता दारात आला. ह्यातला फरक आपण ध्यानात घ्यावा.

आता बाटलीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर अन्याय होईल. आपल्या देशात पाणी कधीच नुसते पाणी नव्हते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आला. तो मांडणारे सी. के. बोले हे कामगारांचेच पुढारी होते. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, एवढेच त्याचे कारण. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सोड्याच्या बाटलीचे मोठे अप्रूप होते. ते चवीचे नव्हते. पाणी त्यांना वरून ओंजळीत ओतले जाई, बाटली मात्र हातात दिली जाई. ज्याला माठाजवळ उभे राहू दिले नाही, तो बाटलीकडे गेला, ह्यात त्याचा दोष काय?

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कोका-कोला दिल्लीत आले. १९७७ साली जनता सरकारात उद्योगमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस हे मूळचे मुंबईचे कामगार पुढारी. परकी चलनाच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे भागभांडवल भारतीयांकडे द्या, असा तगादा सरकारने लावला, तेव्हा कंपनी देश सोडून गेली. आमच्या चळवळीत ह्या घटनेचा अभिमान अजून सांगतात. परंतु पुढे काय झाले? सरकारी मॉडर्न बेकरीच्या कंपनीने 'सत्त्याहत्तर' नावाचे पेय काढले, पारल्याने थम्स अप आणले, कॅम्पा कोला आला. बाटलीचा मालक बदलला, साखर तेवढीच राहिली. आम्ही भांडवल कोणाचे हे विचारले. पोटात काय जाते हे विचारायचे राहून गेले. १९९० साली पेप्सी आली. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेला आपल्याच तालुक्यातले किल्लारी भूकंपाने जमीनदोस्त झाले, ते साल इथे कोणी विसरणार नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबरात, आग्ऱ्याला कोका-कोलाची बाटली परत आली.

ही चूक केवळ मोठ्यांनी केली असे नाही. मीही केली आहे, आणि ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. वीसेक वर्षांमागे एका डाळमिलीत आमची बोलणी चालली होती. पत्र्याखाली एप्रिलची आच, आणि पाण्याची टाकी तापून चहाला लागेल इतकी गरम. आम्ही गार पाणी मागितले. मालक म्हणाले, 'गार पाण्याचे बंधन अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे. तुम्ही चाळीस.' कायद्याप्रमाणे ते खरे होते. शेवटी तोड निघाली. उन्हाळ्याचे दोन महिने दर कामगाराला दुपारी एक गार बाटली. मी सही केली, लोकांनी हार घातला, आणि लढाई जिंकल्याच्या आनंदात मी घरी गेलो.

पंधरा दिवसांनी गेलो तर टाकीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. तळाशी शेवाळ धरले होते. गोळ्या मागणारी माणसे होती तेवढीच होती. डाळ निवडणाऱ्या बायांतली एक म्हातारी उठून जवळ आली आणि म्हणाली, "दादा, बाटली यादीतल्या गड्यायला. आमी रोजानं येतो, आमचं नाव न्हाई यादीत. टाकी गरम का असंना, पर समद्यायची व्हती."

तिला उत्तर देता आले नाही. माठ सर्वांचा असतो, बाटली मोजून मिळते; हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बाटलीचे कलम काढून टाकले आणि त्याच पैशात चार मोठे माठ, ते रोज धुऊन भरणारे एक माणूस, पत्र्यावर गवताचा थर आणि दुपारी दोनदा दहा-दहा मिनिटांची सावली मागून घेतली. त्यावेळी कोणी हार घातला नाही. डोकेदुखीची तक्रार कमी झाली. मोजदाद ठेवली नाही, म्हणून आकडा सांगत नाही.

बाटलीत असते काय ते पाहू. तीनशे मिलिलिटरच्या कोलात तीस ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे सात-आठ चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, असली तर अधिक चांगले. म्हणजे एकाच बाटलीत दिवसाचा हिशेब चुकता! त्यातल्या आम्लाने दात झिजतात; रोजच्या सवयीने वजन आणि मधुमेहाचा धोका वाढतो. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट ह्या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती बसली आणि २००४ साली तिने संस्थेचे निष्कर्ष ग्राह्य धरले. गाजावाजा झाला तो योग्यच. पण कीटकनाशक उद्या पुरते काढले, तरी साखर उरतेच.

गोळीची गोष्ट ह्याहून कडू आहे. स्वीडनमध्ये हुस्कव्हार्ना गावी बंदुकांचा मोठा कारखाना होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिथल्या एका डॉक्टरने फेनासेटिन आणि कॅफीन असलेली एक पूड दिली. साथ गेली, पूड राहिली. कामाचा वेग टिकवण्यासाठी कामगार ती रोज घेऊ लागले, आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे दगावली. १९६३ साली ग्रिमलुंड नावाच्या डॉक्टरने हा संबंध तपासून मांडला. आपल्या सरकारी दवाखान्यांतली ए.पी.सी.ची गोळी आठवते ना? त्यातला मधला घटक तेच फेनासेटिन. १९८३ साली आपल्या सरकारने त्यावर बंदी घातली. आजच्या गोळ्यांत ते नाही. पण वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेत राहिल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी जडते, हे डॉक्टर सांगतात. आमच्याकडे म्हण आहे, दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. उन्हाने तापलेल्या, उपाशी, तहानलेल्या माणसाला गोळी देणे म्हणजे तेच.

मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा ह्या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या संख्येने निकामी होऊ लागली, तेव्हा उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी आटणे हे त्याचे मोठे कारण म्हणून पुढे आले. तहानलेल्या उंदरांना गोड पेय पाजून पाहिले, तर पाणी पाजलेल्यांपेक्षा त्यांची मूत्रपिंडे अधिक बिघडली. तिथल्या मळ्यांवर मग जो उपाय योजला गेला त्याला तीन शब्दांचे नाव आहे: पाणी, विश्रांती, सावली. लोखंड्यांच्या अर्जात आणि ह्यात फार अंतर नाही. आपल्या भागातून कोयता घेऊन दरसाल जाणाऱ्या हजारो माणसांशी ह्याचा संबंध आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

तेव्हा घरच्या सवयी कोणत्या धराव्यात? तहान लागल्यावर विहीर खणू नये. कामावर जाण्याआधी तांब्याभर पाणी प्यावे आणि तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पीत राहावे. घाम फार गेला तर ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-मिठाचे पाणी किंवा ज्वारीची आंबील घ्यावी. रक्तदाब असणाऱ्याने मीठ आणि मधुमेह असणाऱ्याने साखर जपून घ्यावी. सकाळची भाकरी चुकवू नये, झोप मोडू नये, चहा मोजून घ्यावा, डोक्याला फडके बांधावे. डोके दुखलेच तर आधी पाणी, मग सावली, कपाळावर ओले फडके आणि अर्धा तास डोळे मिटून पडणे. सुंठेचा लेप किंवा तेलाची मालिश आवडत असेल तर खुशाल करावी. तेवढा वेळ माणूस आडवा तरी होतो. मात्र एकाएकी असह्य डोके दुखले, ताप येऊन मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले, उलट्या थांबेनात किंवा उन्हात माणूस बरळू लागला, तर लेप लावत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

पण मंडळी, ज्याला सावलीत बसण्याची परवानगी नाही, त्याला 'अर्धा तास पडून राहा' सांगणे ही थट्टा आहे. म्हणून सवयीच्या जोडीला हक्क लागतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने प्रत्येक कारखान्यात पिण्याचे पाणी सक्तीचे केले आणि त्या जागेवर कामगारांना कळेल अशा भाषेत तसे लिहायला लावले. २०२० च्या संहितेत तो कायदा सामावला गेला. कलमाचा आकडा बदलला, तहान बदललेली नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत नळ कोरडे होते आणि टपरीवर गार बाटल्या ओळीने उभ्या होत्या, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

उद्या सकाळी आपल्या दुकानात, मिलीत, शाळेत, अडतीवर एकदा पाहून यावे: पाण्याचा माठ आहे का, तो धुतलेला आहे का, आणि यादीत नाव नसलेल्या माणसालाही त्यातले पाणी स्वतःच्या हाताने घेता येते का. नसेल तर तिथूनच सुरुवात करावी.