मोटारीचा सायरन विनाकारण वाजू लागल्यास

भिलाई : छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पाळ्यांवर चालणारे शहर आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याचे काम तीन पाळ्यांत चालते. त्यामुळे कॅम्प-१ सारख्या दाट वस्तीत रात्रपाळी करून आलेला कामगार भर दुपारी झोपलेला असतो, तर पहाटेच्या पाळीला जाणारा रात्री लवकर निजलेला असतो. अशा गल्लीत उभ्या असलेल्या मोटारीचा चोरी-प्रतिबंधक सायरन वेळी-अवेळी वाजू लागला, तर कोणाची ना कोणाची झोप मोडतेच.

यातील दुसरी हानी अधिक गंभीर आहे. वारंवार खोटा इशारा देणाऱ्या सायरनकडे शेजारी हळूहळू दुर्लक्ष करू लागतात. त्रासलेला मालक अखेरीस त्याची वायर तोडून टाकतो आणि मोटार असुरक्षित होते. वस्तुतः अशा बिघाडांपैकी बरेचसे किरकोळ असतात व योग्य क्रमाने तपासणी केल्यास ते घरच्या घरी ओळखता येतात.

यंत्रणेची रचना

मोटारीच्या अलार्म यंत्रणेचे तीन भाग असतात. दारे, डिकी व बोनेट यांना बसवलेली बटणे आणि धक्का किंवा आतील हालचाल टिपणारे सेन्सर हा पहिला भाग. त्यांच्याकडून आलेल्या संकेतावर निर्णय घेणारा नियंत्रक हा दुसरा. इंजिनाच्या कप्प्यात बसवलेला सायरन आणि त्यासोबत लुकलुकणारे इंडिकेटर हा तिसरा. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरीही असते. चोराने मोटारीची मुख्य बॅटरी काढली तरी सायरन वाजत राहावा, हा तिचा हेतू होय.

प्रथम आवाज थांबवावा

रिमोटने मोटार उघडावी. रिमोट चालत नसल्यास त्यातील सेल बदलून पाहावा. अनेक रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो, तर बाजारातून बसवलेल्या काही जुन्या संचांत १२ व्होल्टचा लहान सेल असतो. तरीही आवाज थांबला नाही, तर मूळ किल्ली लावून इग्निशन चालू करावे. बाजारातून बसवलेल्या बहुतेक संचांत यंत्रणा तात्पुरती बंद ठेवण्यासाठी डॅशबोर्डखाली एक लपवलेले बटण असते. ते कोठे आहे, हे बसवणाऱ्याकडून आधीच विचारून घ्यावे.

इंडिकेटर लुकलुकतात काय?

सायरन वाजत असताना इंडिकेटरही लुकलुकतात काय, हे पाहणे ही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे. लुकलुकत असल्यास आदेश नियंत्रकाने दिला आहे, म्हणजे दोष बहुधा एखाद्या बटणात किंवा सेन्सरमध्ये आहे. इंडिकेटर शांत असून केवळ सायरनच वाजत असल्यास संशय सायरनवर, त्याच्या आतील बॅटरीवर किंवा त्याला मिळणाऱ्या वीजपुरवठ्यावर घ्यावा.

त्याचबरोबर आवाज कधी होतो, याची दोन-चार दिवस नोंद ठेवावी. पावसानंतर होत असल्यास ओलावा, जड वाहन गेल्यावर होत असल्यास धक्क्याचा सेन्सर, तर मोटार अनेक दिवस उभी राहिल्यावर होत असल्यास मुख्य बॅटरी, असा अंदाज बांधता येतो. अनेक संचांत मोटार उघडताना डॅशबोर्डवरील लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कोणत्या भागाने इशारा दिला ते सांगतो. त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

तपासणीचा क्रम

१. मुख्य बॅटरी : इंजिन बंद करून काही तास झाल्यावर मल्टिमीटरने दाब मोजावा. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती साधारण अर्धी उतरली आहे. इंजिन चालू असताना हा आकडा बहुतेक मोटारींत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. दाब घसरला की काही सायरन त्याला बॅटरी काढण्याचा प्रयत्न समजतात. छत्तीसगडच्या मैदानी भागातील कडक उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य कमी होते, हेही ध्यानात ठेवावे. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी साफ करून जोड घट्ट करावेत.

२. बोनेटचे बटण : इंजिनाची उष्णता, धूळ आणि पावसाचे पाणी या बटणावर सतत येत असते. गंज चढला किंवा स्प्रिंग अडकली की बंद बोनेटही यंत्रणेला उघडे भासते. बटण साफ करून ते मोकळेपणाने वर-खाली होते काय, ते पाहावे. साध्या दांड्याच्या बटणात दांडा दाबल्यावर जोड तुटतो आणि सोडल्यावर जुळतो. काही मोटारींत मात्र हे बटण बोनेटच्या कुलपातच असते व त्याची रचना वेगळी असते.

३. दारे व डिकी : सर्व दारे बंद केल्यावर आतील दिवा विझतो काय आणि दार उघडे असल्याचा डॅशबोर्डवरील संकेत जातो काय, हे एकेक दार उघडून-लावून तपासावे.

४. धक्क्याचा सेन्सर : तो सैल झाला असल्यास घट्ट बसवावा. अनेक सेन्सरवर संवेदनक्षमता कमी-जास्त करण्याचा लहान स्क्रू असतो. तो थोडाच फिरवून प्रत्येक वेळी चाचणी घ्यावी. चाचणीसाठी मोटारीच्या पत्र्यावर तळहाताने हलकेच थोपटावे. काचेवर मारू नये.

५. आतील हालचालीचा सेन्सर : किंचित उघडी राहिलेली काच, आरशाला टांगलेले खेळणे किंवा आत अडकलेला कीटक एवढ्यानेही तो जागा होतो.

६. स्वतः सायरन : आतील बॅटरी काही वर्षांनी क्षीण होते, कधी गळते आणि तिच्या क्षारामुळे आतील सर्किट खराब होते. अशा वेळी सहसा सायरन बदलणेच योग्य. नवा सायरन बसवताना त्याचे तोंड खालच्या दिशेने ठेवावे, म्हणजे आत पाणी साचत नाही.

सायरन मुळीच न वाजल्यास

मोटार लावताना-उघडताना होणारा छोटा आवाजच बंद झाला असेल, तर तो रिमोटवरून चुकून बंद केला गेला नाही ना, ते आधी पाहावे. इशाऱ्याच्या वेळी इंडिकेटर लुकलुकतात, पण आवाज नाही, अशी स्थिती असल्यास फ्यूज, सायरनचा जोड व मोटारीच्या सांगाड्याशी असलेला अर्थ तपासावा. दोन वायरींच्या सायरनला इशाऱ्याच्या वेळी १२ व्होल्ट मिळत असूनही तो मुका राहिला, तर तो निकामी झाला आहे. नव्या मोटारींतील काही सायरन नियंत्रकाशी सांकेतिक संदेशांद्वारे जोडलेले असतात. त्यांची तपासणी कार्यशाळेतील संगणकावरच करावी लागते.

घ्यावयाची काळजी

जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज घालू नये. त्यामुळे वायरिंग पेट घेऊ शकते. बॅटरी सोडवताना ऋण टर्मिनल प्रथम काढावे. मात्र स्वतःची बॅटरी असलेला सायरन त्या क्षणी मोठ्याने वाजू शकतो, म्हणून तो आधी त्याच्या किल्लीने अथवा माहितीपुस्तिकेतील पद्धतीने बंद करावा. डॅशबोर्डखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसल्यास त्यांना हात लावू नये, ते सामान्यतः एअरबॅगचे असतात. विजेवर चालणाऱ्या वा संकरित मोटारींतील नारिंगी वायरींमध्ये अतिउच्च दाबाची वीज असते. वॉरंटी शिल्लक असताना वायरिंगमध्ये स्वतः फेरफार न करता अधिकृत कार्यशाळेत जाणे हिताचे ठरते.

आवाज आणि कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ९७ क्रमांकाच्या विनियमानुसार मोटारीच्या सायरनचा आवाज दोन मीटर अंतरावर किमान १०५ व कमाल ११८ डेसिबल असावा आणि तो एका वेळी २५ ते ३० सेकंद वाजावा. त्याहून अधिक काळ अखंड वाजत राहणाऱ्या सायरनमध्ये किंवा त्याच्या जुळणीत दोष असल्याचा संशय घ्यावा.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. या हिशेबाने १०५ डेसिबलचा सायरन १६ मीटरवरही सुमारे ८७ डेसिबल भरतो. अरुंद गल्लीत भिंतींवरून आवाज परावर्तित होत असल्याने प्रत्यक्ष त्रास याहून अधिक असू शकतो. केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १८ जुलै २००५ रोजीच्या निकालात शांततेने जगणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला आहे. म्हणून सायरनची चाचणी दिवसा, वस्तीपासून दूर मोकळ्या मैदानात व कानांत बोळे घालूनच घ्यावी. रात्रपाळीचे कामगार राहत असलेल्या वस्तीत तर दिवसाही ही दक्षता आवश्यक ठरते.

दुरुस्तीला विलंब लागणार असल्यास काय करावे, हाही प्रश्न उरतो. अशा वेळी केवळ सदोष सेन्सर किंवा सायरन तात्पुरता बंद करून घ्यावा, संपूर्ण यंत्रणा नव्हे. दारांची कुलपे आणि इंजिन सुरू होऊ न देणारे इमोबिलायझर चालू ठेवावे व जोडीला स्टिअरिंगचे कुलूप लावावे. मोटारीच्या पुढच्या काचेआड संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवल्यास रात्री आवाज झालाच, तर शेजाऱ्यांना मालकाला त्वरित कळवता येते.