कार्यालयाची इमारत पुन्हा उघडताना

कोविडच्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात ‘मिशन बिगिन अगेन’खाली 8 जून 2020पासून खासगी कार्यालयांना दहा टक्के हजेरीची मुभा मिळाली. त्या आठवड्यात इमारतींनी केलेली तयारी बहुतेक दारापाशीच संपत होती : तापमान मोजणारी बंदूक, सॅनिटायझरची बाटली, लिफ्टमध्ये पावलांसाठी आखलेले चौकोन. ही सगळी तयारी माणसांबरोबर आत येणाऱ्या धोक्याविरुद्ध होती. माणसे नसताना आतच तयार झालेला धोका वेगळा, आणि या दोन्हींचा विचार वेगवेगळाच करावा लागतो. कारण त्यांचे उपाय निराळे आहेत आणि काही वेळा परस्परविरोधीही.

बंद वास्तू जशीच्या तशी राहते, हा समज किती महागात पडतो हे विशाखापट्टणमला 7 मे 2020च्या पहाटे दिसले. टाळेबंदीत थांबलेल्या कारखान्यात स्टायरिनच्या टाकीचे तापमान वाढत गेले आणि वायुगळतीत बारा जणांचा बळी गेला. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने उद्योग सुरू करण्याबाबत सूचना काढल्या. पहिला आठवडा चाचणीचा समजा, असे त्यांत होते. कार्यालयात स्टायरिन नसते, पण पाणी असते.

पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन टाकीत आणि नळवाहिनीत पडून राहिला की उडून जातो. मग लिजिओनेला जातीच्या जिवाणूला रान मोकळे मिळते. 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ पसरली, त्यातून हा जिवाणू उजेडात आला. तो पिण्यातून क्वचितच बाधतो; शॉवर, नळाचा फवारा किंवा वातानुकूलनाचा कूलिंग टॉवर यांच्या सूक्ष्म तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. ताप, खोकला, धाप ही लक्षणे. 2020मध्ये असा रुग्ण आला असता तर कोविडची चाचणी झाली असती आणि ती निगेटिव्ह आल्यावर पाण्याच्या टाकीकडे कोणाचे लक्ष गेले असते, याची शंकाच आहे.

हा जिवाणू साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसमध्ये वाढतो. थंड पाणी 20 अंशांखाली आणि गरम पाणी 60 अंशांवर साठवा, हा थंड देशांतला नियम. त्यातला पहिला अर्धा भाग आपल्याकडे निरुपयोगी आहे : मे-जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी 20 अंशांखाली जातच नाही. म्हणून आपली सारी भिस्त क्लोरीनवर आणि पाणी वाहते ठेवण्यावर.

काम कठीण नाही, फक्त चिकाटीचे आहे. जमिनीखालची आणि गच्चीवरची अशा दोन्ही टाक्या उपसून, तळाचा गाळ काढून, घासून घ्यायच्या. पुन्हा भरल्यावर जादा क्लोरीनची मात्रा द्यायची. दर लिटरला 50 मिलिग्रॅम धरले तर दहा हजार लिटरच्या टाकीला 500 ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे 33 टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर दीड किलो. उघड्या पोत्यातली जुनी पावडर नको. तिचा जोर गेलेला असतो. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच टाकीत ओतावे. मग प्रत्येक मजल्यावरचा सर्वांत लांबचा नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, तासभर सारे बंद ठेवायचे, नंतर पाणी काढून टाकून ताजे भरायचे. नळाच्या तोंडाची जाळी आधी काढावी. काळपट, बुळबुळीत थर तिथेच साचतो. हे करणाऱ्या प्लंबरला चांगला मास्क हवा, कारण ज्या तुषारांची भीती तेच त्याच्या तोंडावर उडतात. शेवटी लांबच्या नळाशी क्लोरीन मोजणारा क्लोरोस्कोप धरायचा. पेयजलाच्या भारतीय मानकाप्रमाणे मुक्त क्लोरीन दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. इमारती उघडण्याच्या सूचना देणाऱ्या अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेलाही ऑगस्ट 2020मध्ये अटलांटातल्या आपल्या भाड्याच्या कार्यालयांपैकी काही लिजिओनेला सापडल्याने बंद करावी लागली होती.

पाणी नको तिथे साचते, तसे हवे तिथून आटतेही. नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सापळ्यातले, पाणी सुकले की गटाराची हवा सरळ खोलीत येते. 2003च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत तीनशेवर रहिवासी बाधित झाले. न्हाणीघरातले कोरडे ट्रॅप आणि एक्झॉस्ट पंखे हे त्यामागचे एक मुख्य कारण ठरले. उपाय प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी, एवढाच. मजला पुढेही बंद राहणार असेल तर वर चमचाभर खाद्यतेल. पाणी लवकर आटत नाही.

दोन धोक्यांचे उपाय परस्परविरोधी ठरतात ते हवेच्या बाबतीत : कोविडच्या विषाणूपासून बचावासाठी खिडक्या उघड्या हव्यात, तर पावसाळ्यात उघड्या खिडक्यांतून आलेल्या ओलीने फॉल्स सीलिंग आणि गालिच्यांवर बुरशी धरते. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘इश्रे’ या संस्थेने 2020मध्ये सुचवलेली मर्यादा 24 ते 30 अंश तापमान आणि 40 ते 70 टक्के आर्द्रता अशी आहे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही; म्हणून एसीबरोबर एक्झॉस्ट पंखा आणि किलकिली खिडकी हा व्यवहार्य मध्य. औषधफवारणी मात्र निव्वळ देखावा. बंद जागेत ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020मध्येच सांगितले होते.

लिफ्ट, जनरेटर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे नेहमीचे तपासणीचे विषय आहेत; अग्निशमन यंत्रणेचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र तर राज्याच्या 2006च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत द्यावेच लागते. पाण्यासाठी असा दाखला कोणी मागत नाही, म्हणून टाकी राहून जाते. तेव्हा महिनोन्‌महिने बंद असलेल्या कार्यालयात परतण्याआधी व्यवस्थापकाला एवढेच विचारा : शेवटच्या मजल्यावरच्या नळाशी क्लोरीन किती आला, आणि तो कोणत्या तारखेला मोजला?