देवनागरी खिळ्यांचें ओझें

इ. स. १८८० च्या अखेरीस पुण्यांतील बुधवार पेठेंत, मोरोबादादांच्या वाड्यांत, एक छापखाना येऊन दाखल झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी यांनीं तो घेतला होता, आणि त्या स्थलांतराच्या गडबडींत खिळ्यांच्या पेट्या या मंडळींनीं स्वतःच्या खांद्यांवरून वाहिल्या. टिळक पुढें ही गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगत. १८८१ च्या जानेवारींत त्याच आर्यभूषण छापखान्यांतून 'केसरी' बाहेर पडूं लागला. पदवीधर तरुणांनीं शिशाचें ओझें वाहिलें याचें कौतुक पुष्कळ झालें आहे. पण तें ओझें इतकें जड कां होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

रोमन लिपीच्या जुळाऱ्याला सव्वीस अक्षरें, त्यांचीं लहान-मोठीं रूपें, आंकडे आणि विरामचिन्हें एवढ्यांत भागवितां येतें. दोन पेट्या पुढें ठेवल्या कीं त्याचें काम चालूं होतें. देवनागरीचा जुळारी मात्र अनेक पेट्यांच्या गराड्यांत उभा राही. एकट्या 'क' ला काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार; शिवाय अर्धा क, क्ष, क्त, क्र; आणि वर रफार निराळाच. खिळ्यांच्या एका संचांत अशीं शेंकडों रूपें ठेवावीं लागत. मुंबईच्या जुन्या पद्धतींत ओळ तीन थरांत जुळवीत असत: मधल्या थरांत अक्षर, वरच्या थरांत वेलांटी आणि मात्रा, खालच्या थरांत उकार. हे वरचे-खालचे तुकडे इतके पातळ असत कीं छापतांना ते मोडत किंवा सरकत, आणि वाचकाला मात्रेवांचून शब्द वाचावा लागे. उलट 'अखंड' पद्धतींत अक्षर मात्रेसकट एकसंध ओतीत. त्यांत मोडतोड कमी होई, पण खण वाढत.

या अडचणीचें मूळ पुण्यांतच शोधायचें झाल्यास पेशवाईपर्यंत मागें जावें लागतें. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुणें दरबारीं असतांना येथील एका कारागिरानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्याची विद्या आत्मसात केली, आणि त्याच्याकडून भगवद्गीता कोरवून छापावी असें नाना फडणीसांनीं मनांत आणलें. १८०० सालीं नाना निवर्तले. कारागिरानें मिरजेस पटवर्धनांचा आश्रय धरला आणि १८०५ सालीं तेथें गीता छापून निघाली. हे ठसे मात्र अख्ख्या पानाचे होते. एक अक्षर काढून दुसऱ्या पानांत बसविण्याची सोय त्यांत नव्हती. त्याच १८०५ सालीं तिकडे बंगाल्यांत, श्रीरामपूर येथें, विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनीं छापलें गेलें. सुट्या खिळ्यांची वाट पुढें मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतून गेली. तेथें टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखालीं शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६४ सालीं स्वतःचा ओतकारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथांच्या सुबक छपाईचें जें माप त्या छापखान्यानें घालून दिलें, त्याच्याशीं तुलना करण्याचा मोह आजहि जाणकारांना होतो.

वर्तमानपत्राला मात्र सौंदर्यापेक्षां वेळेची निकड अधिक. टिळकांनीं या प्रश्नांत जातीनें लक्ष घातलें. अक्षरांचे सांधे ओळखून, एकच तुकडा अनेक ठिकाणीं वापरतां येईल अशी योजना करून, १९० खिळ्यांचा संच तयार झाला. मुद्रणाच्या इतिहासांत तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. पुढें सावरकरांनीं 'अ' चीच बाराखडी करून स्वरांचे निराळे खिळे वगळावे असा आग्रह धरला, आणि कांहीं नियतकालिकांनीं ती पद्धत वापरलीहि. लिपीला यंत्राच्या मापानें छाटावें कीं यंत्रानेंच लिपीच्या मापानें वाढावें, हा वाद तेव्हांपासूनचा आहे. लायनोटाइपच्या पट्टींत नव्वद कळा होत्या. त्या नव्वदांत बाराखडी बसवायची म्हणजे अक्षरांच्या वळणाला कात्री लावल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

यंत्रानें वाढण्याचा पहिला मोठा प्रयोग पुन्हा पुण्यालाच घडून आला. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें भारतीय लिप्यांसाठीं जें तंत्र सिद्ध झालें होतें, तें १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें पुढें चालविलें. 'जिस्ट' नांवाची पट्टी संगणकांत बसविली कीं पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ सालीं भारतीय मानक ठरलें, आणि त्यांत अक्षराचें रूप न मोजतां केवळ वर्ण मोजला होता. 'क्त' हें निराळें चिन्ह राहिलें नाहीं. क, हलन्त आणि त असे तीन वर्ण लागोपाठ आले कीं जोडाक्षर घडविणें हें यंत्राचें काम झालें. त्याच सुमारास निघालेल्या युनिकोडनें हेंच तत्त्व स्वीकारून देवनागरीला १२८ जागा दिल्या.

तरी छापखान्यांत चाललें तें निराळेंच. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्याच कंपनीची 'श्री-लिपी', सी-डॅकचा 'सुरेख', आणि बाहेरून आलेले इतर फॉन्ट यांनीं मराठी मजकूर घरोघर जुळवितां येईल इतका सोपा केला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या काळच्या फॉन्टांत जागा होत्या २५६ आणि प्रत्येकानें त्या आपल्या मर्जीनें भरल्या. 'त' हें अक्षर अर्धा त आणि काना अशा दोन तुकड्यांत साठविलें जाई. जुळाऱ्याचे तुटके खिळे जणूं पुन्हा संगणकांत शिरले. एका छापखान्याचा मजकूर दुसरीकडे उघडला, आणि तेथें तोच फॉन्ट नसला, कीं रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसे. फॉन्टांचा सांभाळ करणाऱ्या प्रणाली त्यामुळें ग्रंथरेखनकारांच्या गरजेच्या झाल्या: शेंकडों फॉन्टांतून हवे तेवढेच जागे ठेवणें, एकाच नांवाचे दोन ओळखणें, आणि छपाईस जाणाऱ्या पुस्तकाबरोबर त्याचे फॉन्ट बांधून देणें. जुन्या छापखान्यांत काम आटोपल्यावर प्रत्येक खिळा आपापल्या खणांत परत टाकीत, आणि एक जरी चुकला तरी पुढल्या पुस्तकांत तो अवचित डोकें काढी. हें कामहि त्याच जातीचें आहे.

मात्र फॉन्ट सांभाळला तरी मजकूर सांभाळला जातोच असें नाहीं. त्या वीस-पंचवीस वर्षांत मराठींत जें जुळविलें गेलें, त्यांतील पुष्कळ भाग आज शोधतां येत नाहीं, कारण यंत्राच्या लेखीं ते शब्दच नाहींत. तो युनिकोडमध्यें उतरविणाऱ्या परिवर्तक प्रणाली आहेत. त्या बहुतेक अक्षरें बिनचूक बदलतात आणि रफारापाशीं किंवा ऱ्हस्व वेलांटीपाशीं अडखळतात, कारण हीं दोन चिन्हें जेथें दिसतात तेथें तीं उच्चारलीं जात नाहींत.

युनिकोड आल्यावरहि मराठीची एक तक्रार राहिलीच. र. कृ. जोशी यांनीं रेखाटलेला 'मंगल' संगणकाबरोबर घरोघर पोहोंचला, पण त्यांतील ल आणि श यांचें वळण हिंदीचें होतें. मराठी वळणाचे ल आणि श कोणते, तें महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयांत नमूद केलें. त्यानंतर निघालेल्या कांहीं फॉन्टांत दोन्ही वळणें एकत्र नांदतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असें सांगितलें कीं मराठी ल आपण होऊन पुढें येतो. तें सांगावयाचें राहिलें, तर हिंदी.