आधी बोलावणं, मग भिंत: अमेरिका-मेक्सिको सीमेची गोष्ट

आजचा एपिसोड सुरू करतोय एका विमानापासून. ५ फेब्रुवारी २०२५. अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे आपल्या महाराष्ट्रातले. हातापायात बेड्या घालून आणलेले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, 'कायदा मोडला, भोगा आता.' दुसरा म्हणे, 'माणसं आहेत ती, गुन्हेगार नाहीत.' मी दोन्ही बाजूंना अंगठा दिला आणि गप्प बसलो. पण डोक्यात एक प्रश्न राहिलाच: ही सीमा इतकी कडक झाली कधी?

वाचायला बसलो आणि पहिला धक्का बसला. मेक्सिकोच्या सीमेवर १९०४ च्या सुमारास घोड्यावरून गस्त घालणारे पहारेकरी मुख्यतः शोधत होते चिनी माणसांना! कारण १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी होती. १९२४ मध्ये अमेरिकेने देशवार कोटा लावला, त्याच वर्षी सीमा गस्तीदल उभं राहिलं. पण कोट्यातून मेक्सिको वगळला. का? शेतमालकांना मजूर हवे होते.

पुढे १९४२. महायुद्ध चालू, शेतात माणसं नाहीत. अमेरिकेने मेक्सिकोशी करारच केला. नाव 'ब्रासेरो', म्हणजे हाताने राबणारा. १९६४ पर्यंत सुमारे ४६ लाख करार झाले. मजूर हंगामाला यायचा, राबायचा आणि घरी परतायचा. आता यातली गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. काही केंद्रांवर या मजुरांवर डीडीटी फवारायचे. आणि १९५४ मध्ये करार चालू असतानाच बिनकागदाच्या मेक्सिकन लोकांची मोठी धरपकड झाली. वर १९५२ च्या कायद्यात एक पळवाट होती: बेकायदा माणसाला आसरा देणं गुन्हा, पण त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा नव्हे!

१९६४ मध्ये ब्रासेरो बंद. १९६५ च्या कायद्याने अमेरिका खंडातल्या देशांवरही पहिल्यांदा मर्यादा आणली, सगळ्यांना मिळून वर्षाला १,२०,०००. १९७६ मध्ये तर देशामागे २०,०००. पण शेत तेच, पीक तेच, मालक तोच. कालपर्यंत करारावर येणारा माणूस आता 'बेकायदा' झाला.

१९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी तडजोडीचा कायदा केला. त्यातून सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, आणि जाणूनबुजून बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड ठरला. पण मालकाने कागद वरवर खरे दिसतात एवढं पाहिलं की पुरे. मग काय, खोट्या कागदांचा धंदा फोफावला.

१९९३-९४ पासून एल पासो आणि सान दिएगोजवळ कडक पहारा बसला. शहरातली वाट बंद झाली, म्हणून लोक ॲरिझोनाच्या वाळवंटातून जायला लागले. तहानेने, उन्हाने शेकडो मेले. वाट दाखवणाऱ्या दलालांचे दर चढले. आणि एकदा जिवावर उदार होऊन आत पोचलेला माणूस परत कशाला जाईल? तो तिथेच राहिला, बायकापोरांना बोलावून घेतलं. डग्लस मॅसी हे समाजशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच मांडत आले आहेत. गस्तीदल सुमारे ४,००० वरून २१,००० च्या वर गेलं. बिनकागदाचे लोक १९९० मध्ये अंदाजे ३५ लाख होते, ते २००७ मध्ये १ कोटी २२ लाख झाले. अर्थात, यातले सगळेच सीमा ओलांडून आलेले नव्हते. बरेच जण रीतसर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले. त्यांना भिंत काय अडवणार?

मग सीमाच नको का? नाही हो. कोण आत येतंय हे कुठल्याही देशाने बघायलाच हवं. वर्षानुवर्षं रांगेत उभं राहणाऱ्यावरही अन्याय होतो. आणि स्वस्त मजुरीचा मार स्थानिक गरिबालाच बसतो. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ, स्वतः मेक्सिकन वंशाचे. त्यांनीही ब्रासेरोला विरोध केला होता. संप फोडायला आणलेल्या बिनकागदी मजुरांविरुद्धही ते उभे राहिले. त्यामुळे एक बाजू माणुसकीची आणि दुसरी क्रूर, इतकं सोपं हे नाही.

पण एवढं वाचून माझं एक मत झालंय. या शंभर वर्षांत पहारा वाढला, कायदे बदलले, पण काम देणाऱ्याकडे बोट फारसं गेलंच नाही. बेड्या नेहमी मजुराच्या हातात. आपल्याकडेही 'डंकी'च्या वाटेने पोराला पाठवायला जमीन विकली जाते. पोरगा बेड्या घालून परत येतो, आणि पैसे घेणारा एजंट पुढचं गिऱ्हाईक शोधत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की अंगठा द्यायच्या आधी एवढंच विचारा: याला बोलावलं कोणी होतं? मी त्या दिवशी ग्रुपवर हे विचारलं नाही. आज इथे विचारतोय. भेटू पुढच्या भागात!