थंडीतील छायाचित्रण (मेळघाट)

वऱ्हाडची ओळख उन्हाळ्याची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो. मात्र अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील चिखलदरा (उंची सुमारे १,१०० मी.) येथे डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते, काही वर्षी गवतावरचे दवही गोठते. गाविलगड किंवा अकोट तालुक्यातील नरनाळा या किल्ल्यांची छायाचित्रे घेण्यास हिवाळी पहाटेइतकी सुरेख वेळ दुसरी नाही.

गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी. उतरलेलीही ऊब मिळताच बहुधा पुन्हा काही काळ चालते. भिंगावर फुंकर मारू नये, श्वासातले बाष्प तेथेच जमते. पांढरे धुके कॅमेऱ्याचा प्रकाशमापक करडे करून टाकतो, म्हणून एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावे.

खरा धोका परतल्यावर असतो. थंडगार कॅमेरा उबदार खोलीत आणला की हवेतील बाष्प भिंगावर आणि आतल्या भागांवरही साचते. पुढे त्यातूनच बुरशी धरते. यासाठी बाहेर असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा व खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. लडाखच्या उणे तापमानातही हीच पद्धत वापरतात.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही.